एका वाक्याचा सूड

मी कृतज्ञ माणूस आहे असं माझ्याबद्दल सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये ज्या गुरुजींनी मला अपूर्णांक शिकवले, त्यांच्या पाया पडायला मी अजून दर दिवाळीला जातो. लातूरला ज्या घरमालकिणीने आजारपणात मला पेज करून दिली, तिच्या नातवाच्या बारशाला मी रजा काढून गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे मला कोणी कोणी हात दिला हे मला विसरता येत नाही. पण असं लक्षात ठेवण्याची सवय लागली की वाईट वागणारेही लक्षात राहतात. हे लिखाण त्यांतल्या एकाबद्दल आहे. त्याला मी आयुष्यात कधी पाहिलं नाही.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, औसा आणि निलंगा यांच्या मधल्या पट्ट्यातलं. भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, माणसं दमून झोपली होती. आमची घरं दगडमातीची, रुंद भिंतींची, वर मातीचं माळवद. मी आणि वडील अंगणात झोपलो होतो, आई आणि धाकटी बहीण आत. आईला बाहेर काढता आलं. त्या पहाटेबद्दल यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. मागे एकदा लिहिलं होतं, आणि त्याचं काय झालं तेच सांगायचं आहे.

पुढची वर्षं शेडमध्ये गेली. नवीन गाव वसवायचं काम निघालं तेव्हा वडील गवंड्याच्या हाताखाली लागले आणि ज्या घरांच्या विटा त्यांनी वाहिल्या त्यांतलंच एक आम्हाला मिळालं. दहावीला चांगले मार्क पडले. तेव्हा सगळा मराठवाडा पोरांना लातूरला पाठवत होता. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या मागे खोल्या, एकेका खोलीत चार-चार खाटा. आमचे डबे गावाकडून एसटीने यायचे. आई भल्या सकाळी डबा कंडक्टरच्या हाती द्यायची आणि मी लातूरच्या स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचो.

गाव सोडताना आई रडली नाही. माझ्या पिशवीची गाठ मारता मारता म्हणाली, "तिच्या वाटचं बी तूच शिक आता."

बहिणीचा विषय आमच्या घरात निघत नसे. आईने तो तेव्हा एकदाच काढला.

लातूरला आम्हाला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मी एकच सांगेन: जुने पेपर. धडा एकदा वाचायचा आणि जुने पेपर पुन्हा पुन्हा सोडवायचे. आमचे फिजिक्सचे सर म्हणायचे, "पेपर काढणारा कोण असतो? माणूस. त्याला कंटाळा येतो का न्हाई? येतो. मग तो कुठून प्रश्न उचलतो ते बघा. त्याचा हात कुठं जातो ते ओळखलं की पेपर तुमचा." बाहेरचे लोक या पद्धतीला नावं ठेवतात. मला या पद्धतीने इंजिनिअरिंगला पोहोचवलं, आणि पुढे दुसऱ्या एका कामालाही तीच उपयोगी पडली.

इंजिनिअरिंगला नांदेडला आलो. माझा रूम पार्टनर हिमायतनगरचा, शिंप्यांच्या घरातला. घरात उर्दू, शाळा मराठी, त्यामुळे बोलताना तो दोन्ही भाषा एकाच टाक्याने शिवायचा. मी नेहमी पूर्ण वाक्यात बोलतो म्हणून त्याने मला पहिल्याच आठवड्यात 'मास्तर' नाव ठेवलं. त्याच्या मामूंचं नांदेडच्याच वजिराबाद भागात सायबर कॅफे होतं. दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघांनी झाडलोट करायची, मशीन पुसायची, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत इंटरनेट वापरायचं, असं ठरलं होतं. मामूंचे हे उपकारही मी विसरलेलो नाही.

तिथेच आम्हाला ते फोरम सापडलं. प्रोग्रामिंग करणाऱ्या मराठी मुलांचं, पुण्यातून चालणारं. प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायची, उत्तर आवडलं तर लोक गुण द्यायचे. सगळे टोपणनावाने लिहायचे, मराठी पण इंग्रजी अक्षरांत. दर रविवारी एक कोडं सुटायचं: आठवडाभर लोक आपापले प्रोग्राम टाकायचे आणि रविवारी फोरमचा नियंत्रक आपलं आदर्श उत्तर द्यायचा. या नियंत्रकाचे गुण सगळ्यांत जास्त होते. कोणाचा मजकूर ठेवायचा आणि कोणाचा काढायचा हे त्याच्या हातात असे. त्याचं टोपणनाव मी इथे देत नाही, नियंत्रक एवढंच म्हणतो.

फोरमवर दोन तट होते. पुण्या-मुंबईची मुलं एकीकडे आणि नांदेड, लातूर, परभणी, उस्मानाबादकडची आम्ही दुसरीकडे. आमच्या प्रोग्रामची पहिली ओळ बघूनच ते आम्हाला ओळखायचे, कारण आमच्या पाठ्यपुस्तकात ती जुन्या पद्धतीने छापलेली होती आणि आम्ही ती तशीच लिहायचो. प्रश्न काय आहे हे वाचायच्या आधीच कोणीतरी लिहायचं, "आले, निळ्या पडद्यावरचे पाहुणे आले." निळा पडदा म्हणजे आमच्या लॅबमधला जुना कंपायलर, ज्यात प्रोग्राम लिहून चालवून बघायचा. मग आमच्यातलं कोणी शिवी द्यायचं, नियंत्रक त्याला आठवडाभर बंद करायचा आणि शिवीला कारण झालेला टोमणा तसाच राहायचा. हे रोजचं होतं आणि त्याचं मला फार वाटत नव्हतं. लातूरलाही शहरातली मुलं गावाकडच्यांना हसायची.

चूक माझ्याकडून आधीच झाली होती. फोरमवर नाव नोंदवलं की 'परिचय' नावाच्या भागात स्वतःबद्दल लिहायचं असे. आमच्या शाळेत उभं राहून बोलायचं म्हणजे आधी आभार, मग आपण कुठून आलो ते, मग पुढचा संकल्प. मी तसंच लिहायला घेतलं.

पार्टनर मागून वाचत होता. "मास्तर, हे काय निबंध लिहून राहिलास? लोग उधर 'हाय' लिखते और निकल जाते."

"परिचय लिहा म्हणलंय ना?"

"हाव, मग लिही. वरून 'अध्यक्ष महाशय' पण टाक."

मी अध्यक्ष महाशय टाकलं नाही, पण बाकी सगळं टाकलं. गुरुजी, शेडमधली शाळा, वडिलांच्या विटा, लातूरचे सर. आणि शेवटी आईचं वाक्य, माझ्या शब्दांत: "भूकंपात माझी लहान बहीण गेली, म्हणून तिच्या वाटचंही मीच शिकायचं असं मी ठरवलं आहे."

दोन दिवस त्यावर कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एकाने आपल्या प्रोग्राममधली चूक सापडत नाही म्हणून प्रश्न टाकला होता. ओळीच्या शेवटी द्यायचा अर्धविराम, म्हणजे सेमिकोलन, तो विसरला होता. त्याखाली नियंत्रकाने लिहिलं, "भूकंपात माझा सेमिकोलन गेला, म्हणून त्याच्या वाटचंही मीच टाइप करायचं असं मी ठरवलं आहे."

लोक हसले. फोरमवर हसणं म्हणजे कंसांची रांग. त्या दिवशी ती रांग पडदाभर खाली जात राहिली.

मग ते वाक्य फोरमची म्हणच झाली. कोणाची हार्ड डिस्क बिघडली, तर भूकंपात हार्ड डिस्क गेली, म्हणून तिच्या वाटचंही मीच पाठ करायचं असं मी ठरवलं आहे. भारताची मॅच गेली, तर सलामीवीर भूकंपात गेला. नवीन मुलगा आला की स्वागतालाही तेच. मूळ परिचय किती जणांनी वाचला होता कोण जाणे; पुढे पुढे तर वाक्य कुठून आलं हेही कोणाला ठाऊक नव्हतं. चांगली मुलं होती त्यांतली बरीच. त्यांना ते निव्वळ गमतीचं वाटायचं.

मी नियंत्रकाला खासगी निरोप पाठवला. तो मला पाठ आहे. "सर, माझ्या परिचयातील वाक्यावरून विनोद होत आहेत. त्यात माझ्या मयत बहिणीचा उल्लेख आहे. कृपया ते विनोद काढावेत, ही नम्र विनंती. आपला आभारी."

उत्तर लगेच आलं. "फोरमवर टाकलेलं ते फोरमचं. नियम वाच. आणि जरा विनोदबुद्धी असू दे रे. की तीही भूकंपातच गेली?"

मी मशीन बंद केलं. मामूंनी विचारलं, "क्या हुआ बेटा?" मी म्हणालो, लाइट गेली असं वाटलं. पंखा डोक्यावर फिरत होता.

पार्टनर रस्त्याने म्हणाला, "छोड ना यार. फोरमच सोडून दे. कोण जातंय तिथं मरायला."

मी सोडलंही. पुढचे काही महिने मी त्या फोरमवर गेलो नाही. अभ्यास केला, परीक्षा दिली, माझ्यापुरता विषय संपवला होता. मग एक दिवस मेसमध्ये जेवत होतो. पहिल्या वर्षाची नवीन बॅच आली होती, त्यातला एक पोरगा लोहा गावचा, चांगला हसरा. त्याने डाळीचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "भूकंपात डाळीचं मीठ गेलं, म्हणून त्याच्या वाटचंही तिखट मीच खायचं असं मी ठरवलं आहे!"

टेबल हसलं. वाढपी हसला.

मी विचारलं, "कुठून आलं रे हे?"

"नेटवर हाय ना दादा. लई फेमस हाय. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

आई त्या आठवड्यात तपासणीसाठी नांदेडला यायची होती, आणि तिला मी हॉस्टेल दाखवायचं कबूल केलं होतं. तिने हे टेबल बघायचं होतं, ही पोरं बघायची होती. तिने मला दिलेलं वाक्य ही पोरं आता डाळीवर म्हणत होती. मी तिला हॉस्टेल दाखवलं नाही. दवाखान्यातूनच परत स्टँडवर नेलं, काहीतरी कारण सांगितलं. बस हलेपर्यंत ती खिडकीतून विचारत राहिली, "खोली लांब हाय का रे लई?"

ती बस गेल्यावर मी ठरवलं की ते वाक्य फोरमवरून निघालं पाहिजे. एकूण एक प्रत. आणि ज्याने ते पहिल्यांदा वाकवलं त्याच्याच हाताने निघालं पाहिजे.

मी लातूरला शिकलो होतो तसं केलं. नियंत्रकाचे जुने पेपर काढले. त्याचं प्रत्येक रविवारचं उत्तर, पहिल्यापासून, सकाळच्या त्या वेळात वाचत गेलो. सुरुवातीला मला त्याचा हेवा वाटला, इतकं सफाईदार लिहिलेलं होतं. मग एका प्रोग्राममध्ये एक फालतू ओळ दिसली. एक आकडा साठवलेला आणि पुढे कुठेच न वापरलेला. हुशार माणूस अशी ओळ ठेवत नाही. ठेवली तर का ठेवली? मी शोधत बसलो, आणि परदेशातल्या एका जुन्या फोरमवर तोच प्रोग्राम मिळाला, तीच फालतू ओळ घेऊन. तिथे ती ओळ कशासाठी होती हे लिहिणाऱ्याने खाली सांगितलं होतं. आमच्या नियंत्रकाने प्रोग्राम उचलला होता आणि खालचं वाचलं नव्हतं.

त्याचा हात कुठे जातो ते कळलं. कोडी तिथूनच, उत्तरंही तिथूनच.

हे तेव्हाच चव्हाट्यावर मांडता आलं असतं. पार्टनर म्हणालाच, "दे टाकून. उघडा पाड."

"तो म्हणेल योगायोग. म्हणेल त्यांनीच माझं घेतलं. आणि निळ्या पडद्यावरच्या माणसाचं ऐकणार कोण?"

"मग?"

"मग त्याला माझं उचलू दे."

मी त्या परदेशी फोरमवर वेगळ्या नावाने लिहायला लागलो. इंग्रजी मोडकी होती, पण तिथे त्यावरून कोणी टोमणे मारत नसे. चूक झाली तर कुठे झाली तेवढं सांगत. त्या दिवसांत मी जितकं प्रोग्रामिंग शिकलो तितकं कॉलेजच्या चार वर्षांत शिकलो नाही. रागाने माणूस चांगला अभ्यास करतो. आणि अंदाज केला होता तसं एका रविवारी नियंत्रकाच्या नावाखाली माझं उत्तर आलं. जसंच्या तसं. खाली कौतुकाची रांग. "गुरू, मानलं." "याला म्हणतात हात." एकाने लिहिलं होतं, "मराठवाड्यातल्या मित्रांनो, बघा आणि शिका."

पार्टनर खुर्चीवरून पडता पडता वाचला. "मास्तर, तूच बघ आणि तूच शिक!"

अशी आणखी काही उत्तरं त्याला नेऊ दिली. त्याची सवय पक्की होऊ दिली. मग पार्टनरने त्या परदेशी फोरमवर प्रश्न विचारला: कुठलीही तारीख दिली की त्या दिवशी कोणता वार होता हे सांगणारा सगळ्यांत वेगवान प्रोग्राम कसा लिहावा? उत्तर मी दिलं. प्रोग्राम खरंच वेगवान होता आणि वार बरोबर सांगायचा. त्यात आकड्यांचा एक लांबलचक तक्ता होता. तक्त्यातले बरेचसे आकडे वार काढायला लागतच नव्हते. ती अक्षरं होती, आकड्यांच्या रूपात लिहिलेली. जगातली कुठलीही तारीख द्या, वार यायचा. एकच तारीख अशी होती की ती दिली तर वार न येता ती अक्षरं जुळून एक वाक्य यायचं. जो प्रोग्राम समजून वाचेल त्याला तक्ता खटकलाच असता. मला खात्री होती की तो वाचणार नाही.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी वाराचं कोडं आलं आणि त्याच्या पुढच्या रविवारी आदर्श उत्तर. तक्त्यासकट. खाली नियंत्रकाने लिहिलं होतं, "तक्त्याची कल्पना माझी स्वतःची. समजून घ्यायला वेळ लागेल, घाई करू नका."

मी माझ्या जुन्या नावाने, ज्या नावाखाली तो परिचय होता त्या नावाने, लिहिलं, "सर, उत्तर फार छान आहे. एका तारखेला मात्र वार येत नाही. कृपया आपण पाहाल का?" आणि त्या पहाटेची तारीख दिली.

नियंत्रक म्हणाला, "कंपायलर बदल बाळा. निळ्या पडद्यावर वार नाही, अमावस्याच दिसणार."

कंसांची रांग सुरू झाली. मग एकाने लिहिलं, "अरे, माझ्याकडेही काहीतरी भलतंच येतंय." दुसऱ्याने लिहिलं, "माझ्याकडेही." तिसऱ्याने पडद्यावर आलेलं जसंच्या तसं उतरवून टाकलं:

"हे उत्तर मी लिहिलेलं नाही."

मग उमरग्याकडच्या एका मुलाने, ज्याच्याशी मी कधी बोललो नव्हतो, लिहिलं, "ही तारीख किल्लारीच्या भूकंपाची आहे." त्याच्याखाली मी परदेशी फोरमवरच्या माझ्या सगळ्या उत्तरांचे पत्ते दिले, आणि इतर लोकांच्या, त्याने आधी उचललेल्या उत्तरांचेही. शेवटी 'आपला आभारी' लिहिलं.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. चांगलं दिसावं म्हणून मी हे वेगळं सांगणार नाही. त्याच्या प्रत्येक जुन्या उत्तराखाली लोक लिहू लागले, "हे उत्तर मी लिहिलेलं नाही." त्याने दुपारच्या जेवणाबद्दल काही लिहिलं तरी, "हे जेवण मी जेवलेलं नाही." जी पोरं काल त्याच्यासाठी कंस लावत होती तीच आज त्याच्यावर लावत होती. मी रोज सकाळी झाडू बाजूला ठेवून आधी तेवढं वाचायचो, हळूहळू, चहा पीत. चहा इतका गोड मला पुन्हा लागला नाही.

पार्टनर म्हणाला, "बस हुआ मास्तर. मेला तो."

"वाक्य अजून तिथंच आहे."

आणि ते होतंच. हसणारे बदलले होते, बाकी काही नाही. भूकंपात नियंत्रकाची अक्कल गेली, म्हणून तिच्या वाटचंही मीच चोरायचं असं मी ठरवलं आहे. माझ्या बाजूने बोलणारे लोक हे लिहीत होते.

मग फोरमच्या मालकाचा निरोप आला. तो वयाने मोठा, सभ्य माणूस होता, आणि नियंत्रकाला नोकरीही त्यानेच आपल्या कंपनीत दिलेली होती. त्याने माझी माफी मागितली. म्हणाला, त्याला मी आजच फोरमवरून हाकलतो, आणि तुम्हाला हवं असेल तर नियंत्रक तुम्ही व्हा.

मी लिहिलं, "मला काही व्हायचं नाही. त्याला हाकलू नका. माझ्या परिचयातलं वाक्य वाकवून जिथे जिथे लिहिलं गेलं आहे ते प्रत्येक त्याने स्वतः काढावं. सगळं निघाल्यावर मग हाकला."

फोरमवर मजकूर काढला की त्या जागी एक ओळ राहायची: अमक्या नियंत्रकाने हा मजकूर काढला आहे. मला ती ओळ त्याच्या नावाने हवी होती, सगळीकडे.

मालकाने लिहिलं, "मागणी विचित्र आहे, पण योग्य आहे." त्याने नियंत्रकाला काय सांगितलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी काढणं सुरू झालं.

तो रोज थोडं थोडं काढायचा. मी रोज सकाळी बघायचो. त्याचं नाव त्या काढल्याच्या ओळीत पुन्हा पुन्हा दिसायचं, मॅचच्या चर्चेत, नव्या पोरांच्या स्वागतात, सेमिकोलनच्या प्रश्नांत. एका आठवड्यानंतर त्याचा खासगी निरोप आला.

"हे हजारांत आहे. मी छोटासा प्रोग्राम लिहितो, वाक्य शोधून एका झटक्यात सगळी साफ करतो. पाच मिनिटांचं काम आहे. चालेल?"

मी लिहिलं, "हाताने."

"अरे, निकाल तोच येणार ना? सगळं जाणारच आहे."

"हाताने. एकेक वाचून."

पार्टनर माझ्या शेजारी बसला होता. प्रोग्रामरला असं सांगणं म्हणजे काय ते त्याला कळलं. तो म्हणाला, "तू डेंजर माणूस हायस रे."

मला त्याने वाचायला हवं होतं. प्रत्येक वेळी 'भूकंपात' हा शब्द, मग सेमिकोलन की डाळ की हार्ड डिस्क, मग 'तिच्या वाटचंही'. इतक्या वेळा वाचल्यावर कोणालाही प्रश्न पडतो की 'तिच्या' म्हणजे कोणाच्या. त्याला तो प्रश्न पडावा म्हणून मी एवढं सगळं केलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर काम संपलं. मी फोरमवर ते वाक्य शोधलं. एकच निकाल आला. माझा परिचय, गुरुजींपासून संकल्पापर्यंत, होता तसा. त्याच दिवशी नियंत्रकाचा खासगी निरोप आला: जाहीर टाकायच्या मजकुराचा मसुदा, त्याने मला आधी दाखवायला पाठवलेला. माफीचा होता. चांगला लिहिला होता, आणि या वेळी स्वतःच लिहिला होता हे कळत होतं, कारण जागोजागी अडखळलेला होता. शेवटी त्याने मला विचारलं होतं:

"हा जाहीर टाकून मी फोरम सोडतो. त्यात नुसतं 'बहीण' लिहिणं बरं वाटत नाही. तिचं नाव काय होतं? मला ते लिहायचं आहे."

पार्टनरने वाचलं. मामूंनीही, चष्मा वर करून, वाचलं.

"सांगून टाक, मास्तर," पार्टनर हळू आवाजात म्हणाला. "माणूस थकलाय. दिल से पूछ रहा है."

दिल से विचारत होता, हे मलाही दिसत होतं. ते नाव आमच्या घरात आई एकटी असताना घेते, देवासमोर, आणि वडील घेतच नाहीत. ज्याने वाक्य घेतलं त्याच्या हातात मी नाव द्यायचं, त्याने ते फोरमवर लिहायचं, खाली लोकांनी कंस लावायचे की फुलं, हे मग त्यांनी ठरवायचं.

मी लिहिलं, "माफीनामा टाका. नाव तुम्हाला मिळणार नाही."

त्याने माफीनामा टाकला. जिथे नाव यायचं तिथे त्याने जागा मोकळी सोडली होती. त्यानंतर तो फोरमवर कधी आला नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याचे दोन निरोप आले, दोन्हींत तोच प्रश्न, जास्त नम्र शब्दांत. मी उत्तर दिलं नाही.